जैसलमेरला जायचंय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

आत्तापर्यंत तीनदा जाऊन आलोय, एकदा मित्रांबरोबर, एकदा आईबाबांना घेऊन आणि एकदा एकटाच, त्यामुळे ओळखीतलं कोणीही राजस्थानला निघालं की पहिला फोन मला येतो आणि तेच तेच प्रश्न असतात. म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

दोन दिवसांत होतं ना जैसलमेर?

होतं की. संध्याकाळी पोचायचं, सकाळी किल्ला, दुपारी हवेल्या, संध्याकाळी समच्या वाळूच्या टेकड्यांवर उंट, रात्री तंबू, तिसऱ्या दिवशी सकाळी परत जोधपूरच्या रस्त्याला. निम्मे लोक असंच करतात आणि घरी येऊन सांगतात, जैसलमेरमध्ये काय, वाळू नि उंट. मीही पहिल्या वेळी हेच केलं आणि हेच सांगितलं!

माझं म्हणणं, चार रात्री द्या. दोन गावात, एक वाळूत आणि एक हातची ठेवा, कारण अंतरं नकाशात दिसतात तेवढी लहान नाहीत. हा जिल्हा साधारण ३८,४०० चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे एकटा जिल्हा जवळजवळ केरळएवढा. अर्धा दिवस गाडीतच जातो, पण ते गाडीत बसून खिडकीबाहेर बघणं हीच अर्धी ट्रिप आहे हे मला दुसऱ्या वेळी कळलं.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा टाळता आला तर टाळा, तेव्हा किल्ल्याच्या गल्ल्यांमधून माणूस चालत नाही, ढकलला जातो. माघ पौर्णिमेच्या सुमाराला मरु महोत्सव असतो, त्यात पगडी बांधायची स्पर्धा, उंटांचा पोलो वगैरे, हौस असेल तर तारखा जुळवा पण हॉटेल आधी धरा.

थंडीबद्दल आपली माणसं फार गाफील असतात. "वाळवंट आहे, गरम असेल" म्हणून हाफ टीशर्टवर येतात. जानेवारीत दुपारी छान ऊन असतं आणि रात्री पारा पाच डिग्रीच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. उघड्या वाळूवर तर ती थंडी बुटाच्या तळातून वर चढते. कानटोपी, जाड मोजे आणि एक बरं जॅकेट हवंच. मे-जूनमध्ये ४५ च्या वर पारा आणि वर आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, तेव्हा मुद्दाम जाऊ नका. फेब्रुवारी-मार्चच्या सांध्यावर गेलात तर रोहिडा फुललेला दिसेल, सगळा माळ करडा आणि मधेच एक झाड केशरी पेटल्यासारखं.

आणि हो, हिवाळ्यात तिकडे सूर्य सव्वासात-साडेसातला उगवतो. सूर्योदय बघायला पाचचा गजर लावून सगळ्या तंबूला उठवू नका. आमच्या बाबांनी उठवलं होतं.

महाराष्ट्रातून कसं जायचं?

मुंबईहून थेट गाडी आहे पण रोज नाही, त्यामुळे बहुतेक जण सूर्यनगरी एक्स्प्रेसने वांद्र्याहून जोधपूरला जातात आणि तिथून रेल्वे किंवा रस्त्याने पुढे, साधारण २८० किलोमीटर, पाच-सहा तास. जैसलमेरला विमानतळ आहे पण विमानं मुख्यतः थंडीच्या सीझनमध्ये असतात, तिकीट काढायच्या आधी त्या महिन्यात फ्लाइट आहे का ते बघा.

रस्त्याने जाणार असाल तर जोधपूर-फलोदी-पोकरण असा वळसा घ्या. फलोदीजवळ खीचन म्हणून गाव आहे, तिथे हिवाळ्यात कुरजा म्हणजे करकोचे हजारोंनी उतरतात आणि गावकरी त्यांना दाणे घालतात, वर्षानुवर्षं. पोकरण म्हटलं की सगळ्यांचे डोळे चमकतात, १९७४ आणि १९९८, पण अणुचाचणीची जागा बघायला मिळत नाही, उगाच चौकशा करत बसू नका.

किल्ल्यात राहायचं की खाली?

खाली राहा. यावर माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत, त्यांचं म्हणणं की जिवंत किल्ल्यात रात्र काढायची मजाच वेगळी, आणि ते खोटं नाही. अजूनही तीनेक हजार माणसं आत राहतात, सकाळी दुधवाला, शाळेची पोरं, गल्लीत आडवी बसलेली गाय, सगळं आहे. पण हा किल्ला ११५६ मध्ये रावल जैसलने बांधायला घेतला तेव्हा माणशी पाणी किती वापरलं जाणार होतं? दोन-चार घडे, तेही बाईने डोक्यावरून चढवून आणलेले. आता तिथे नळ आहेत, फ्लश आहेत, गेस्टहाउसमध्ये शॉवर आहेत, आणि ते सगळं पाणी मुरतं कुठे तर टेकडीच्या पोटात. टेकडी भुसभुशीत आहे. बुरूज आणि भिंती पायातून सुटतात. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत याचं नाव १९९६, १९९८ आणि २००० असं तीनदा घातलं होतं. २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आला, आणि २०२४ च्या पावसात भिंतीचा एक तुकडा खाली आला. वाळवंटातला किल्ला पाण्याने खचतोय.

म्हणून दिवसभर आत हिंडा, चहा प्या, जेवा, आतल्या लोकांचा धंदा होऊ द्या. अंघोळ खाली करा.

शिवाय किल्ल्यात राहिलात तर किल्ला दिसत नाही. खालच्या एखाद्या गच्चीवरून संध्याकाळी पाच-साडेपाचला बघा, ९९ बुरूज उन्हात हळदीसारखे पिवळे होतात.

बघायचं काय काय? गाईड घ्यावा का?

किल्ल्यातली जैन मंदिरं सकाळी लवकर बघा, पर्यटकांसाठी ठराविक वेळच उघडी असतात आणि चामड्याचा पट्टा-पाकीट बाहेर ठेवायला सांगतात. पटवों की हवेली म्हणजे पाच हवेल्यांचा जुडगा, पाच भावांसाठी बांधलेला, १८०५ मध्ये सुरुवात झाली. नथमलची हवेली दोन कारागीर भावांनी कोरली, एकाने डावी बाजू, एकाने उजवी, लांबून सारखी वाटते पण जवळ जाऊन पोरांना "फरक ओळखा" खेळायला लावा, अर्धा तास शांतता मिळते. गाईड घ्या पण तो तुम्हाला "भाईसाब की दुकान" दाखवायला लागला की प्रेमाने हात जोडा.

गडीसर तलावाला सगळे संध्याकाळी जातात, बोटिंग करतात. सकाळी जा. नळ येण्याआधी अख्खं गाव या एका तळ्यावर जगत होतं, चौदाव्या शतकात महारावल गडसीने ते मोठं करून घेतलं. तळ्याच्या दारावर जी कमान आहे ती टीलों नावाच्या नर्तकीने बांधली म्हणतात, राजघराण्याला तिच्या कमानीखालून जाणं कमीपणाचं वाटायला लागलं तेव्हा तिने वर कृष्णाची मूर्ती बसवून टाकली, मग पाडणार कोण? गोष्ट खरी असो नसो, बाई हुशार.

बडा बाग, लोद्रवा, अमरसागर हे सगळं गावाच्या आजूबाजूला, एका अर्ध्या दिवसात होतं. लोद्रवा ही भाटी राजपुतांची आधीची राजधानी, आता एक सुरेख जैन मंदिर आणि मूमल-महेंद्रची प्रेमकहाणी एवढंच उरलंय.

सम की खुरी?

वाळूत रात्र काढायच्या या दोन जागा. मी म्हणेन खुरी. किंवा समच, पण डोळे उघडे ठेवून.

सम जैसलमेरपासून ४० किलोमीटरवर आहे, रस्ता मस्त, टेकड्या मोठ्या. पण सीझनमध्ये तिथे तंबूला तंबू लागलेले असतात आणि प्रत्येक तंबूवाल्याचा वेगळा डीजे. आम्ही पहिल्या वेळी फोनवर बुक केलं होतं, फोटोत मागे नुसती वाळू दिसत होती, प्रत्यक्षात आमच्या तंबूच्या मागे जनरेटर होता, रात्री बारापर्यंत तो आणि हिंदी गाणी, आणि "कालबेलिया डान्स" म्हणून जे काही चाललं होतं ते बघून नाचणाऱ्या पोरींचीच दया आली. वाद घातला तर म्हणे सर, हेच पॅकेज आहे. तर बुक करताना तीन गोष्टी विचारा: तंबू वाळूपासून किती लांब आहेत, डीजे किती वाजता बंद होतो, आणि जीपचे पैसे त्यात आहेत की वेगळे. ऑनलाइन पूर्ण पैसे आधी भरू नका.

खुरी दक्षिण-पश्चिमेला, अंतर थोडं जास्त, टेकड्या लहान, गाव खरं. शेणामातीने सारवलेल्या गोल झोपड्या, रात्री अंधार म्हणजे अंधार, अमावास्येच्या आसपास गेलात तर आकाश बघून मान अवघडते. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून वाळूवर गेलो तर रात्रीचा सगळा हिशोब लिहिलेला होता, एका भुंग्याच्या पायांची रेघ टाचणीने शिवण घातल्यासारखी सरळ वर गेली होती, मधेच एका सरड्याची रेघ तिला येऊन मिळाली होती, आणि पुढे एकच रेघ. पाऊण तास मी फक्त तेवढंच वाचत होतो. मग आठ वाजता जीप आली आणि सगळं पुसून गेली.

उंटावर बसायची भीती वाटते.

उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, त्यामुळे तुम्ही पुढे फेकले जाता. बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, परत पुढेच. दोन्ही वेळा मागे रेला, खोगिराची मूठ घट्ट धरा, किंचाळायला हरकत नाही. पाठीचा त्रास असेल तर अर्धा तास पुरे, दोन तासांची सफारी घेतलीत तर दुसऱ्या दिवशी किल्ला चढताना आठवण येईल. आणि उंट बघून घ्या, नाकपुडीजवळ जखम असली, पाय लंगडत असला तर दुसरा मागा.

वाळवंट म्हणजे सगळीकडे वाळूच ना?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज गेला की ट्रिप बदलते. वाळूच्या टेकड्या, ज्यांना तिकडे धोरे म्हणतात, त्या ठराविक पट्ट्यांत आहेत. बाकी खडकाळ माळ, खुरट्या झुडपांची रानं, गवताळ जमीन, आणि देवाच्या नावाने राखलेली ओरण, जिथे कुऱ्हाड लावत नाहीत, आपल्या देवराया तशाच.

बारमेरच्या रस्त्यावर १७ किलोमीटरवर अकल आहे, तिथे साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके माळावर पडलेत. सगळ्यात मोठा तेरा मीटरच्या वर. पहिल्यांदा बघितलं तर लोक म्हणतात एवढंच? जाळीखाली एक तुटका खांब आहे बस. पण वाकून बघा, सालीच्या रेघा दिसतात. इथे जंगल होतं. तिथून परत गाडीत बसलं की त्या उघड्या माळाकडे बघायची नजर वेगळी होते.

कुलधरामध्ये खरंच भुतं आहेत का?

नाहीत. रात्री थांबू देत नाहीत, आणि दिवसा रील करणाऱ्यांची गर्दी इतकी असते की भुतांनी कधीच दुसरीकडे घर बघितलं असणार.

गोष्ट सगळ्यांना माहीत असते: पालीवाल ब्राह्मणांचं गाव, दिवाण सालिमसिंगची त्यांच्या मुलीवर नजर, आणि एका रात्रीत गाव रिकामं, वर शाप. अभ्यासक म्हणतात पाणी आटलं, सारा वाढला, काहींच्या मते भूकंपही झाला असावा, आणि लोक हळूहळू गेले. मला विचाराल तर गाव का सोडलं यापेक्षा इतकी शतकं इथे राहिले कसे हा प्रश्न जास्त भारी आहे, आणि त्याचं उत्तर बघायला मिळतं.

उत्तर म्हणजे खडीन. खडकाळ उतारावरून पावसाचं पाणी वाहून येतं, त्याच्या आडवा खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालायचा, पाणी अडून पसरतं, मुरतं, आणि पाणी ओसरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वर्षाला जेमतेम १५-२० सेंटीमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात, वरून थेंब न घालता रब्बीचं पीक! ही विद्या पालीवालांनी इथे पंधराव्या शतकापासून मुरवली. आम्ही डिसेंबरात एका चालू खडीनवर थांबलो होतो, रस्त्याच्या एका बाजूला फुफाटा आणि बांधाच्या आत घोट्याएवढा हिरवागार गहू. तिथल्या काकांनी काही न बोलता टाचेने माती उकरली, चार बोटं खाली काळी ओल, मुठीत धरली तर लाडू वळला जाईल इतकी. शेवटचा पाऊस कधी झाला विचारलं तर म्हणाले, "भादवा में।" म्हणजे तीन महिन्यांपूर्वी. आमचे बाबा मूळचे दुष्काळी भागातले, ते त्या बांधावर एवढा वेळ बसले की ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला.

ड्रायव्हरला आधीच सांगा "खडीन देखना है", नाहीतर कुलधरा, फोटो, पुढे चला, असं होतं.

तनोट-लोंगेवाला एका दिवसात होतं का? परमिट लागतं?

होतं, सकाळी सातला निघा. जैसलमेर-रामगढ-तनोट-लोंगेवाला-परत असा फेरा, अडीचशे-तीनशे किलोमीटर होतात. तनोट माता मंदिर आणि लोंगेवालापर्यंत भारतीयांना ओळखपत्र जवळ असलं की पुरतं. त्याच्या पुढे प्रत्यक्ष सीमेवरच्या चौकीपर्यंत जायचं तर वेगळी परवानगी लागते. परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक बरोबर असतील तर त्यांचे नियम वेगळे, आधी चौकशी करा. सीमेवर तणाव असेल तेव्हा सगळंच बंद होऊ शकतं, त्याला इलाज नाही.

मंदिर सीमा सुरक्षा दल चालवतं, पुजाऱ्यापासून आरतीपर्यंत. १९६५ च्या युद्धात आवारात पडूनही न फुटलेले बॉम्ब काचेत ठेवलेत. लोंगेवालाला १९७१ च्या डिसेंबरात मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि पंजाब रेजिमेंटचे १२० च्या आसपास जवान रात्रभर रणगाड्यांसमोर उभे राहिले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. ते रणगाडे अजून तिथे आहेत. मैदान इतकं उघडं आहे की रात्री तिथे काय वाटलं असेल हे सांगायला गाईड लागत नाही.

पेट्रोल जैसलमेरलाच फुल करा. मोबाइलची रेंज रामगढनंतर येते-जाते. डबा आणि पाणी बरोबर ठेवा.

माळढोक दिसेल का?

तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला माळढोकचं अभयारण्य आहे पण पक्षी दिसणं आता दुर्मिळ, त्यामुळे मराठी माणसाला हा प्रश्न जरा लागतो. जगात मोकळ्या रानात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक याच जिल्ह्यात. डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटर आहे, समजवळ सुदासरीचा भाग आहे, पहाटे स्थानिक जाणकार घेऊन गेलात तर नशीब असेल तर लांबून दिसतो. मला तीन खेपांत एकदा, दोन मिनिटं, दुर्बिणीतून.

वाटेत पवनचक्क्या आणि विजेच्या तारा दिसतील. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, वजन भरपूर, तार दिसेपर्यंत वळता येत नाही. स्वच्छ वीज हवी आणि माळढोकही हवा, हा झगडा सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय. आता पिंजऱ्यात अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम समला आणि रामदेवराला चालू आहे.

खायचं काय?

हॉटेलात पनीर मागवू नका, कृपा करा. बाजरीची रोटी, केर-सांगरी, गट्टे, कढी, लसणाची चटणी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली दसऱ्याला पूजतो ती शमी. केर म्हणजे जिला आपल्याकडे नेपती म्हणतात तिची फळं. दोन्ही पाण्यावाचून येणारी झाडं, उन्हाळ्यात वाळवायचं आणि वर्षभर खायचं. गोडात घोटुआ लाडू. तिखट सोसत नसेल तर "कम मिर्च" दोनदा सांगा, एकदा सांगून फरक पडत नाही.

आईबाबा, लहान मुलं जमतील का?

जमतील. किल्ल्याची चढण दगडी आहे आणि शेकडो वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालीय, चपलेने घसरायला होतं, बूट घाला. हवेल्यांमधले जिने उभे आणि अरुंद. गुडघे दुखत असतील तर खालूनच बघावं, बाहेरचं कोरीवकामच जास्त भारी आहे.

संध्याकाळी गाणं ऐकायचंय, पण डीजे नको.

मांगणियार गायक विचारा. मुसलमान घराणी, पिढ्यानपिढ्या राजपूत यजमानांच्या घरी बारशापासून लग्नापर्यंत गाणारी, कृष्णाची भजनंही गातात. कमायचा म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, ते वाजवणारा म्हातारा कोणी असेल तर सगळं सोडून तिथे बसा, त्याचा आवाज घशात काहीतरी अडकल्यासारखा असतो. माइक नसेल तर उत्तम. पैसे थेट गाणाऱ्याच्या हातात द्या.

येताना काय आणायचं?

दगडाचे कप-वाट्या सगळे घेतात. हाबूर गावाच्या दगडाच्या वाटीत दूध ठेवलं तर विरजणाशिवाय दही लागतं असं दुकानदार छातीठोक सांगतो. माझ्या वाटीत दूध फक्त नासलं, पण वाटी सुंदर आहे, किल्ल्या ठेवतो.

त्यापेक्षा वाळलेली केर-सांगरी आणा, अर्धा किलो भरपूर होते. फक्त रात्रभर भिजवल्याशिवाय करू नका. केर ताकात भिजवा, नाहीतर कडू लागतं, आणि सांगरी भिजवल्यावर तीन-चार पाण्यांतून धुवा, कारण शेंगांमध्ये वाळू असते. आमच्या मावशीने एकदाच पाण्यातून काढली होती, पहिल्याच घासाला सगळ्यांचे दात करकरले.